एकोणीस बिल्ल्यांचा गाळा

ती केस आजही आठवते, आणि आठवली की आधी डोळ्यांसमोर येते ती भिंतीवरची एक रिकामी खुंटी. नोकरीत खून, दरोडे, फसवणूक सगळं हाताळलं. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. ही साधी चोरीची फिर्याद मात्र जशीच्या तशी लक्षात राहिली, कारण तिचा तपास मी बिनचूक केला आणि त्यात चांगल्या माणसांचं वाटोळं झालं. कुणाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या अंगाला, स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. आता थोडे उरलेत, तेव्हा बरेच होते. एका गाळ्यात पत्रा दाबून भांडं काढणारी प्रेस, शेजारी पॉलिश, पलीकडे पॅकिंग. मी तिथल्या पोलीस ठाण्यात गुन्हे निरीक्षक म्हणून हजर झालो तेव्हा लॉकडाऊन संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मोठ्या कारखान्यांचा माल स्वस्त पडायचा, कारागीर गावी गेलेले, आणि बिल्डरची माणसं गाळ्यांच्या चौकश्या करत हिंडायची.

अशा वेळी त्या गाळेवाल्यांना एका बाईंनी धरून ठेवलं होतं. सगळे त्यांना ताई म्हणत, मीही तेच म्हणतो. लालबागची खोली विकून भाईंदरला आलेलं कुटुंब. यजमान कामाला होते ती कंपनी बंद पडल्यावर त्यांनी एक गाळा घेतला, ते गेल्यावर प्रेस ताईंनी सांभाळली. घरगुती भांड्यांचा धंदा बसला तेव्हा ताई केटररांकडे आणि हॉटेलांकडे स्वतः जाऊन बसल्या. ज्यांना प्लास्टिकचे डबे बंद करायचे होते अशा लोकांना त्यांनी परत घेता येणारे स्टीलचे डबे आणि कप्प्यांची ताटं दाखवली. ऑर्डरी यायला लागल्या, पण मोठ्या. एकेकट्या गाळेवाल्याला झेपणाऱ्या नव्हत्या.

अडचण साच्यांची होती. भांड्याच्या लोखंडी साच्याला तिथे डाय म्हणतात. प्रत्येक आकाराची डाय वेगळी, दोन-तीन माणसांशिवाय न हलणारी, आणि मालकाचा त्यावर पोटच्या पोरासारखा जीव. आपली डाय लोक दुसऱ्याच्या नजरेलाही पडू देत नसत. ताईंनी एकोणीस मालकांना तयार केलं आणि सगळ्या डाय एका मोकळ्या गाळ्यात आणून ठेवल्या. ज्याच्या प्रेसला जी डाय बसेल ती त्याने न्यायची, माल काढायचा, परत आणायची. भिंतीवर प्रत्येक डायच्या नावाची खुंटी. डाय नेली की आपल्या गाळ्याच्या नंबरचा पितळी बिल्ला त्या खुंटीवर अडकवायचा, परत केली की काढून घ्यायचा. बस्स, एवढाच कायदा.

पहिल्यांदा तो गाळा पाहिला तेव्हा मी ताईंची चेष्टाच केली. "ताई, कॅमेरा नाही, सही नाही. आम्हाला काम लावायचा विचार दिसतोय."

ताई हसल्या. "साहेब, सही घेतली की वाटतं आपल्यावर संशय आहे. बिल्ला लावताना माणूस स्वतःच स्वतःला बजावतो."

आणि ते चाललं होतं, हे कबूल केलं पाहिजे. कुलूप लागलेले काही गाळे पुन्हा उघडले होते. पॉलिशचे कारागीर गावाहून परत आले होते. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने दुसरा स्टोव्ह घेतला होता. हद्दीत बरकत आली की नाही हे मी नेहमी चहावाल्यावरून ओळखतो.

त्या वर्षी नवरात्राच्या दिवसांत, सकाळची हजेरी संपते न संपते तोच एक गाळेवाले ठाण्यात आले. थाळ्या बनवणारे, पन्नाशी उलटलेले. त्यांना मी थोरले म्हणतो, कारण त्यांचा धाकटा भाऊही त्या एकोणीस जणांत होता. वडिलांमागे वाटण्या झाल्या, वडिलांनी घडवून घेतलेली थाळीची डाय थोरल्यांकडे गेली आणि तेव्हापासून भावांत बोलणं नव्हतं. दोघांचे बिल्ले एका भिंतीवर आणणं ही ताईंची कमाई होती.

"साहेब, मी लग्नाला गावी गेलो होतो. काल आलो, तर खुंटीवर बिल्ला नाय आणि खाली डाय पण नाय. मतलब साफ आहे, चोरी झाली. माझ्या बापाची डाय आहे ती."

ठाणे अंमलदाराने फिर्याद लिहून घेतली. स्टेशन डायरीला नोंद झाली, दोन पंच घेऊन आम्ही घटनास्थळाचा पंचनामा केला. कुलूप शाबूत. चावी दोघांकडेच होती, ताईंकडे आणि डायची देखभाल करणाऱ्या मिस्त्रींकडे. ताई त्या दिवशी फार कमी बोलल्या. मी ते टिपून ठेवलं. ज्याचं नुकसान झालं तो बडबडतो, ज्याला काही माहीत आहे तो पाणी मागतो. ताईंनी दोनदा पाणी मागितलं होतं.

दुपारी माझ्या हवालदाराला एका भंगारवाल्याचा फोन आला. आपल्यावर बालंट येऊ नये म्हणून असे लोक आधीच बातमी देतात. तीन दिवसांपूर्वी एका टेम्पोतून गोणपाटाखाली काहीतरी जड पश्चिमेच्या मुर्धा गावात गेलं, मिस्त्रींच्या घराकडे.

मुर्ध्याला मिस्त्रींच्या घरामागे पत्र्याची शेड होती. वडील मिठागरात राबलेले, मुलाने मात्र लोखंडात हात बसवला. गोणपाट काढलं, तर खाली थाळीची डाय. हलवायला टेम्पो आणि चार माणसं लागली असती, म्हणून तिथे एक शिपाई बसवला, जप्तीचा पंचनामा नंतर करू म्हटलं आणि मिस्त्रींना ठाण्यात आणलं.

ते माझ्यापेक्षा वयाने मोठे होते. मी त्यांना अरेतुरे केलं. आज ते लिहिताना लाज वाटते.

"कुणाला विकणार होतास?"

"इकायची न्हाय साहेब."

"मग चोरली कशाला?"

"चोरली न्हाय. नेली. कशाला ते इचारू नका."

दोन तास याच्या पलीकडे ते गेले नाहीत. मारहाणीवर माझा कधी विश्वास नव्हता; मी माणसाचे हात बघतो. मिस्त्रींच्या बोटांच्या पेरांत पॉलिशचा काळा मसाला भरला होता. मला शेडमधली डाय आठवली. तिच्या काठाला एक तडा होता, तो वेल्डिंगने भरलेला होता, आणि भरलेली जागा घासून घासून अर्धी आरशासारखी केली होती. भंगारात घालायची वस्तू कुणी दोन दिवस बसून घासत नाही. हा चोर नव्हता. हा कुणाचा तरी शब्द पाळत होता, आणि दुसरी चावी कुणाकडे आहे हे मला माहीत होतं.

ताईंना बोलावलं. त्या आल्या, बाकावर बसलेल्या मिस्त्रींकडे बघितलं आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मिस्त्रींना घरी जाऊ द्या साहेब. दार लावा, मी सांगते."

जे घडलं ते इतकंच होतं. थोरले गावी असताना केटररची घाई होती. थाळीची डाय बसेल अशी मोठी प्रेस धाकट्याकडेच होती. इतक्या वर्षांनी त्याने बापाच्या डायला हात लावला, रीतसर स्वतःचा बिल्ला अडकवून. पत्रा नेहमीपेक्षा जाड आला होता, गडबडीत त्याने मोजला नाही. डायला तडा गेला. धाकटा ताईंच्या दारात येऊन रडला. म्हणाला, भाऊ म्हणणार मी मुद्दाम तोडली. ताईंनी मिस्त्रींना गाठलं, डाय मुर्ध्याला धाडली आणि धाकट्याचा बिल्ला खुंटीवरून काढून ठेवला.

"मग तुमचा का नाही लावलात?" मी विचारलं. "प्रकरण इथवर आलंच नसतं."

"माझी प्रेस छोटी आहे. ती डाय तिला बसत नाही, हे थोरल्यांना माहितीये. लगेच ओळखलं असतं. ते आठ दिवसांनी येणार होते, चौथ्याच दिवशी आले." मग त्या खुर्चीत बसल्या. "साहेब, चार दिवस द्या. दसऱ्याला आम्ही सगळ्या डायची एकत्र पूजा करतो. तोवर मिस्त्री घासकाम पुरं करतात. डाय खुंटीखाली ठेवून धाकटा थोरल्यांना सोनं देणार आणि स्वतः सगळं सांगणार. मला शब्द दिलाय त्याने. तुटलेली डाय बघून ते ऐकणार नाहीत. नीट केलेली समोर असली तर ऐकतील."

मी म्हणालो, "ताई, कायदा तुमच्या सणावारांवर चालत नाही."

हे वाक्य मी बोललो. फिर्याद दाखल होऊन एक दिवसही झाला नव्हता. तपास चालू आहे, एवढं सांगून चार दिवस सहज निघाले असते. याहून फालतू कारणांसाठी आम्ही महिने काढलेले आहेत. पण व्हॉट्सॲपवर 'गाळ्यांत चोरांची टोळी' असे मेसेज फिरत होते, वरून विचारणा झाली होती, आणि खरं सांगायचं तर एका दिवसात छडा लावल्याची धुंदी मला चढली होती. ती दाखवायची मला खुमखुमी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला गाळ्यांसमोरच्या मोकळ्या जागेत मी सगळ्या एकोणीस जणांना जमवलं. डाय सापडली आहे, धाकट्याच्या प्रेसवर तिला तडा गेला, ताईंनी बिल्ला काढून गोष्ट दडवली, चोरी झालेलीच नाही. चार वाक्यांत मोकळा झालो. अफवा थांबल्या, असं मला वाटलं.

थोरल्यांनी भावाकडे पाहिलं. कित्येक वर्षांत त्यांनी त्याला उद्देशून काढलेले ते पहिले शब्द असावेत. "बाप गेला तेव्हा नाय भेटली, म्हणून आता तोडलीस?"

"भाऊ, तसं नाय, ऐक तर..."

"आणि ताई, तुम्ही? माझ्या खुंटीला तुम्ही हात लावला?"

मागून कुणीतरी म्हणालं, "इनकी खुंटी के साथ हुआ, तो आपल्या खुंट्यांचं काय?" ते वाक्य ऐकलं आणि मला कळलं की आपण काहीतरी भलतंच करून बसलोय. पण तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही, आणि मी युनिफॉर्ममध्ये होतो.

सकाळी गाळ्यासमोर टेम्पो लागले. जो तो आपापली डाय उचलून नेत होता. ताई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि प्रत्येकाच्या हातात त्याचा बिल्ला देत होत्या. थाळीची डाय आम्ही रीतसर जप्त करून ठाण्याच्या आवारात आणून टाकली. दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा झाली. रायफलींना हार घातले, पेढे वाटले, आणि झटपट तपासाबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. मी खिडकीतून बघितलं तर डायवर कुणीतरी भिजलेली बरसाती वाळत घातली होती.

दिवाळीची ऑर्डर दुसऱ्या गावच्या कारखान्याला गेली. गाळे एकामागून एक विकले गेले. आज तिथे पार्सलची गोदामं आहेत आणि मागच्या बाजूला एक टॉवर उभा राहतोय. मिस्त्री मुर्ध्यातल्याच एका बांधकामावर वॉचमन झाले. लोखंडाला आरसा करणारा माणूस आता गाड्यांचे नंबर लिहून घेतो. आणि गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून मी न्यायालयात सी समरी, म्हणजे केस बंद करायचा अहवाल, पाठवली, ती मंजूर व्हायला आठ महिने लागले. चार दिवस माझ्याकडे नव्हते.

निवृत्त होऊन मी मीरा रोडलाच स्थायिक झालो. गेल्या दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन तिथल्याच हाटकेश भागात गेलो. ताईंनी तिथे भाड्याच्या जागेत एकच छोटी प्रेस ठेवली आहे, केकचे साचे काढतात. "धंदा आहे साहेब, बदलावा लागतो," म्हणाल्या. पानं घेतली, एक प्रेसवर ठेवलं. मी माफी मागितली, ती पुरती ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "चूक माझीही होती. बिल्ला काढायला नको होता. पण साहेब, तुम्हाला अजून एका घरी जायचंय."

मी थोरल्यांच्या घरी गेलो. गाळा विकून ते बसून आहेत. डाय त्यांना परत मिळाली होती, ती हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवली आहे. मिस्त्रींनी घासलेल्या अर्ध्या भागात तडा कुठे होता ते बोट फिरवूनही कळत नाही. मी सोनं दिलं आणि म्हणालो, "त्या वर्षी आजच्याच दिवशी तुमचा भाऊ असंच सोनं घेऊन तुमच्याकडे येणार होता. सगळं स्वतः सांगणार होता."

त्यांना ते माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांसमोर मी जे बोललो त्यात डाय होती, तडा होता, बिल्ला होता. ही एकच गोष्ट नव्हती.

"साहेब, हे तेव्हा का नाय बोलला?"

"तपासाशी त्याचा संबंध नव्हता," मी म्हणालो. खरं उत्तर तेच होतं.

लोक मला विचारतात, नोकरीने काय शिकवलं. शिकवलं ते हेच, की माझं काम झालं म्हणजे खरं सांगून झालं, असं मी धरून चाललो होतो. घाईने सांगितलेलं खरं निम्मंच असतं, आणि नेमकं जे राहून जातं त्यावर कुणाचं तरी घर उभं असतं.

थोरल्यांनी भावाचा नंबर मागितला. धाकटा गाळा विकून गेला तो कुठे गेला हे ताईंनाही ठाऊक नाही. माझ्याकडे त्याच्या जबाबावरून उतरवलेला एक नंबर डायरीत होता. थोरल्यांनी तो माझ्यासमोरच लावला. पलीकडून कुणी अनोळखी बाई बोलली, राँग नंबर म्हणाली. ते "सॉरी हां" म्हणाले, फोन ठेवला आणि पुन्हा तोच नंबर लावला.