पूजेआधीची खीर

दुसऱ्या मुलाखतीचा नकार आला तेव्हा मी भाकरी थापत होते. मोबाईल ओट्यावरच होता. पिठाच्या हाताने उघडला आणि पहिल्याच ओळीत कळलं की आपलं काही झालेलं नाही. नकार इतक्या गोड शब्दांत लिहिलेला की डोक्यात तिडीकच गेली. तुम्ही अनुभवी आहात, शांत आहात, रुग्णाशी मायेने बोलता. पण इमर्जन्सी विभागातल्या नर्सने स्वतः घ्यायचे निर्णय तुमच्या उत्तरांत दिसले नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या नकारातही हेच होतं, फक्त देश वेगळा. मी तवा असा आपटला की शेजारच्या खोलीतून नवरा धावत आला. "तव्यावर काहून राग काढून राह्यली?" म्हणाला. मी म्हटलं, "मंग तुमच्यावर काढू का?" बिचारा आल्या पावली परत गेला.

मी नवीन जालन्यात, स्टेशनच्या बाजूला असलेल्या एका खाजगी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत नर्स आहे. अपघात, सर्पदंश, छातीत दुखणं, फवारणीचं औषध प्यायलेली माणसं, सगळी आधी आमच्या दारात येतात. बाहेरच्या देशांतली काही रुग्णालयं अशा नर्सला नोकरी देतात आणि व्हिसाही स्वतःच काढून देतात, हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. नोंदणी झाली होती, इंग्रजीची परीक्षा पास झाले होते. पण त्या निकालाची मुदत पावसाळ्यात संपत होती, आणि ती संपली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्याआधी एकच मुलाखत हातात उरली होती. लोक म्हणायचे, घरासाठी जातेय. तेही खरं, पण आधी मला स्वतःलाच जायचं होतं. फार फार जायचं होतं!

आणि मी अडत होते ती एकाच वाक्याला. मुलाखतीत ते एक प्रसंग सांगतात, असा रुग्ण आला, तुम्ही काय कराल? माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघायचं, "मी डॉक्टरांना कळवीन." आमच्याकडे तीच रीत. ऑक्सिजन लावायचा हे आपल्याला कळलेलं असतं, हातही मास्ककडे गेलेला असतो, तरी "सर, लावू का?" असं विचारायचं. विचारलं नाही तर आगाऊ ठरतो. इतकी वर्षं विचारून विचारून ते वाक्य जिभेवर घट्ट बसलं होतं. आरशासमोर उभी राहून पाठ केलेली उत्तरं मुलाखतीत कुठल्या कुठे जायची आणि तेच बाहेर पडायचं.

दवाखान्यातल्या बायांनी आपापले उपाय सांगितले. एक म्हणाली, राजूरच्या गणपतीला नवस बोल. मेडिकलवाल्या जैन भाभी म्हणाल्या, "मैं आपके लिए उपवास रखूँगी." त्यांची माया बघून डोळे भरून आले, आणि खरं सांगते, हेवाही वाटला. त्यांना सांगायला कुणीतरी होतं. आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून घरात नवस नाही, साकडं नाही. बुद्धापुढे फूल ठेवायचं, मेणबत्ती लावायची, पण मागायचं काही नाही. एरवी मला या गोष्टीचा अभिमान वाटतो. त्या आठवड्यात मात्र वाटत होतं, अरे, कुणापुढे तरी पदर पसरता आला असता तर बरं झालं असतं!

आईला फोनवर हे सगळं ऐकवलं. आई धावड्याला एकटी राहते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पौर्णिमेला ये. विहारात खीर करून राह्यलोत आम्ही. मागायचं न्हाई, नुसतं बसायचं."

वैशाख पौर्णिमेला मी पांढरी साडी नेसून भोकरदनमार्गे धावड्याला पोचले. ऊन असं की विहाराच्या फरशीवर पाय ठेववेना. मागच्या पत्र्याखाली खिरीचं मोठं पातेलं उतरवून ठेवलं होतं, वर पांढरं फडकं. पूजा घेणारे भिक्खू, आमचे भंतेजी, भोकरदनहून यायचे होते आणि त्यांची गाडी वाटेत बंद पडली होती. ते येईपर्यंत पूजा नाही, आणि पूजेत बुद्धासमोर वाटी ठेवल्याशिवाय खीर कुणी चाखायची नाही. ज्ञान मिळायच्या आधी उपाशी बसलेल्या बुद्धाला सुजाताने दिलेल्या खिरीची आठवण म्हणून ही खीर असते, तेव्हा आधी तिथे आणि मग आपण. सगळे बसून होते. मीही डोळे मिटून बसले. पण आत काय चाललं होतं म्हणता? इंग्रजीतली उत्तरं! बुद्धासमोर बसून मी मुलाखतीची तयारी करत होते.

माझ्या बाजूला एक अनोळखी बाई होत्या. पंचावन्न-साठीच्या, हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी. पूजेसाठी आलेल्या नव्हत्याच त्या. "बस गेल्ती निघून, दुसरी येईस्तोवर सावलीला बसले," असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी जालन्याच्या दवाखान्यात नर्स आहे, असं मी सांगितलं. तेवढंच आमचं बोलणं.

अर्धी दुपार होत आली असेल. पुढच्या रांगेत किसनबाबा बसले होते. माझ्या वडलांचे दोस्त, लहानपणी मला खांद्यावर घेऊन शिवारभर फिरवलेले. ते अचानक काहीबाही बोलायला लागले. भिंतीकडे बघून कुणाला तरी शिव्या दिल्या, उठायला गेले आणि आडवे झाले. कुणीतरी मागून पुटपुटलं, "आजच्या दिवशीबी पिऊन आला का काय?" मला इतका संताप आला! बाबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. मी धावले. अंग घामाने थबथबलेलं, गार, हात थरथरतायत. त्यांची सून रडत म्हणाली, "सकाळी शुगरची गोळी घेतली. जेवले न्हाईत. पूजा झाल्याबिगर खाणार न्हाई म्हणले."

साखर उतरली होती. मला बघताक्षणी कळलं होतं. आणि तरी माझ्या तोंडून काय निघालं माहितीये? "डॉक्टरांना फोन लावा! कुणीतरी डॉक्टरांना कळवा!"

त्या हिरव्या लुगड्यातल्या बाई माझ्या मागेच येऊन उभ्या होत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "बाई, दवाखान्यातली तूच हाईस ना? मंग कोणाची वाट बघून राह्यली?"

खाडकन कुणीतरी जागं केल्यासारखं झालं. मी इकडेतिकडे बघितलं. विहारात आणलेली सगळी साखर पातेल्यात पडलेली, डबा रिकामा. मी उठून फडकं काढलं आणि डाव खिरीत घातला. "अगं, पूजा व्हायचीय अजून!" विहाराची व्यवस्था बघणारे गुरुजी ओरडले. त्यांचंही चुकलं नव्हतं, रीत होती ती. तेवढ्यात माझी आई उठली. कधी वरच्या आवाजात न बोलणारी माझी आई! "सुजातानं कोणाला इचारलं होतं का, गुरुजी? उपाशी माणूस दिसला अन् दिली. घे गं तू."

बाबांना टेकवून बसवलं. आधी "बाबा, गिळा बरं" म्हणून थेंबभर देऊन बघितलं, कारण गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नसतं. घोट खाली उतरला. मग वरचं गोड दूध चमच्या-चमच्याने देत राहिले. सुनेला घरी पिटाळलं, "साखर आण, जल्दी!" ती आली तसं पाण्यात भरपूर साखर ढवळून तेही पाजलं. कुणाला वारा घालायला सांगितलं, कुणाला गर्दी हटवायला, कुणाला जीप काढायला. मी हुकूम सोडत होते आणि सगळे बिलकुल निमूट ऐकत होते! हळूहळू बाबांचे डोळे स्थिर झाले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कवा आली गं, माय?" माझा जीव भांड्यात पडला. गोळीचा असर बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्यांना भोकरदनच्या सरकारी दवाखान्यात धाडलं, बरोबर सून आणि डबाभर खीर. साखर पुन्हा उतरल्याच्या खुणा तिला बजावून सांगितल्या.

जीप गेल्यावर मी त्या बाईंना शोधलं. त्यांची बस येऊन गेली होती. आईने चार जणींना विचारलं. गावातली कुणाची पाहुणीही नव्हती ती. यावर मी जास्त काही म्हणत नाही. एका बाईची बस चुकली आणि ती माझ्या बाजूला येऊन बसली, एवढंच घडलं. थोड्या वेळाने भंतेजी आले. त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी उघड्या पातेल्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आजची पूजा तर झालेली दिसते. चला, आता वंदना घेऊ." गुरुजींनी स्वतःच्या हाताने मला खिरीची वाटी भरून दिली.

तिसरी मुलाखत जालन्याच्या घरातच झाली, लॅपटॉपवर. समोर दोन बाया. एकीने प्रसंग सांगितला: छातीत दुखतंय म्हणणारी स्त्री आली आहे, डॉक्टर दुसऱ्या गंभीर रुग्णापाशी अडकले आहेत, तुम्ही एकट्या आहात. ते जुनं वाक्य आलं की जिभेपर्यंत! मी तोंड मिटलं. एक श्वास आत, एक बाहेर, विहारात शिकवतात तसा. मग म्हणाले, तिला लगेच आत घेईन, झोपवेन, ईसीजी काढीन, रक्तदाब आणि ऑक्सिजन बघेन, शॉकचं मशीन जवळ ओढीन. डॉक्टरांना हाक मारीन, पण हात थांबवणार नाही. दुसरी बाई पुढे वाकली. "स्वतःच्या जबाबदारीवर काही केलंय, असा एखादा प्रसंग सांगा." मग काय! माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. पातेलं, फडकं, गुरुजी, किसनबाबा, सगळं सांगितलं. इंग्रजी चुकत होतं आणि मला त्याची शुद्धच नव्हती. खीर म्हणजे काय, हे समजावताना तिघीही हसत होतो.

मेल आला तेव्हा मी कॅज्युअल्टीत एका आजोबांच्या पायाला पट्टी बांधत होते. नोकरी दिली होती! व्हिसाचं सगळं रुग्णालय बघणार होतं! मी "झालं!" असं किंचाळले की आजोबांनी घाबरून पाय ओढून घेतला. "काय झालं, सिस्टर? कापावा लागतो का?" "न्हाई हो आजोबा, तुमचं काही न्हाई, माझं झालं!" पळत मेडिकलवर गेले आणि भाभींना मिठी मारली. दिवसभर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. संध्याकाळी नवऱ्याला सांगताना मी एकाच वेळी हसत, रडत आणि उड्या मारत होते. तो म्हणाला, "तू पुढं हो, मी मागून येतोच."

शरण जाणं म्हणजे सगळं टाकून हात जोडून बसणं, असं मला वाटत आलं होतं. रोज त्रिशरण म्हणत होते, पण अर्थ उमगला तो त्या दुपारी. बाबा वाचतील का, लोक काय म्हणतील, मी आगाऊ ठरेन का, यातलं काहीच त्या वेळी माझं उरलं नव्हतं. समोरचं काम तेवढं माझं होतं. बाकीचं सुटलं, आणि सुटलं म्हणून हात चालले. आता वंदना संपताना सगळ्यांच्या मंगलाची इच्छा करतो तेव्हा मी त्या अनोळखी बाईंपाशी क्षणभर थांबते. आभार मानायला मला त्यांचं नावही ठाऊक नाही.

व्हिसा हातात आल्यावर धावड्याला गेले. आई दारात सूप घेऊन लसूण सोलत बसली होती. मी एका दमात सगळं सांगितलं, कुठलं गाव, कुठलं रुग्णालय, कधी निघायचं. ती ऐकत राहिली, हात चालूच. मी विचारलं, "आई, जाऊ ना मी?"

तिने सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "मला इचारू नको, बाई. मला इचारलंस तर मी थांब म्हणीन."

मी पुन्हा विचारलं नाही.