चहा, शिल्लक दोन

गडचिरोलीत आमच्या संस्थेच्या बांबूच्या वस्तूंची यादी माझ्या शेजारी बसणारा सहकारी दर सोमवारी एक्सेलमध्ये करायचा आणि एकदम वेबसाइटवर चढवायचा. सगळी चढली का ते कळावं म्हणून सूप-टोपल्यांच्या शेवटी एक खोटी ओळ टाकायचा: ‘चहा, शिल्लक २.’ मग माझ्याकडे न बघताच म्हणायचा, “पाहा बरं भाऊ, चहा दिसून राह्यला का?” दिसला की ओळ पुसायचा आणि आम्ही टपरीवर जायचो. तिथं दोन चहा तोच सांगायचा.

मला नागपुरात नोकरी लागल्याचं त्याला सांगितलं, तेव्हा “बरं हाय” एवढंच म्हणाला. काऊन, कुठी, असं काही विचारलं नाही.

नागपुरात एका सोमवारी संध्याकाळी मी सहज ती वेबसाइट उघडली. टोपल्यांच्या खाली ती ओळ अजून पुसलेली नव्हती: ‘चहा, शिल्लक १.’