कारभारी मास्तरांची मर्दुमशुमारी

अर्धी वाट सरली तरी तात्यांनी ती पिशवी काही माझ्या हातात दिली नाही. अंबड अजून अडीच कोस होतं. ऊन चढलं होतं, आणि कारभारी तात्या, म्हणजे माझे चुलते, गावच्या मराठी शाळेचे मास्तर, ती खाकी पिशवी पोटाशी धरून असे चालले होते, की समोरून येणाऱ्याला वाटावं, आत तान्हं लेकरू आहे.

"तात्या, द्या न जरा. हात भरून आला असंल."

"हात माझा एकट्याचा हाए. आत साडेआठशे माणसं हाएत. पडली म्हंजी?"

आत मर्दुमशुमारीचे कागद होते. फसली तेराशे चाळीस, म्हणजे इंग्रजी एकतीस साल. निजाम सरकारनं माणसं मोजायला काढली, आणि आमचं गाव अन् शेजारची वाडी तात्यांच्या गळ्यात पडली. घरोघर जाऊन नाव, वय, लग्न, धंदा लिहायचं आणि तहसिलीत नेऊन द्यायचं. निघताना रामराव पटलांनी आपल्याबरोबर छकड्यात यायला सांगितलं, तर तात्या म्हणाले, "चालतच जातो, पाय मोकळे होतील." मला मात्र हळूच म्हणाले, "छकड्यात बसलो तर अंबड येईपर्यंत पटील सगळ्या गावाची वयं काढून घेतील." मला बरोबर घेतलं ते एवढ्यासाठी, की ते विहिरीवर पाणी प्यायला वाकले तर पिशवीपाशी कुणीतरी असावं. मी तेव्हा पंधरा वर्षांची, चार इयत्ता शिकलेली, माहेरपणाला आलेली.

सांगितलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, असा सरकारचा हुकूम होता. पुष्कळ मास्तरांनी तो वाचला असेल. तात्यांनी तो पाळला. प्रत्येक उंबऱ्यावर गळ्यातल्या तुळशीमाळेला हात लावून म्हणायचे, "इथलं इथंच." मग भिंतीला पाठ लावून बसायचे, म्हणजे मागून कोणी डोकावायला नको. नवरा-बायकोला एकत्र विचारायचे नाहीत. बायका मास्तरांपुढं वय बोलायला लाजत, म्हणून मला न्यायचे. बाई माझ्या कानात सांगे, मी तात्यांच्या कानात.

लोकांना हे कुठलं पटायला! एकजण तुपाची लोटी घेऊन आला. "मास्तर, आमच्या व्याह्याचं खरं वय तेवढं सांगा." तात्यांनी लोटी परत केली. काकीला ते फार लागलं. "तूप ठून घ्यायचं अन् वय सांगायचं न्हाई, एवढी अक्कल नको का माणसाला?"

गोंधळ झाला तो माझ्यामुळं.

आमच्या आळीत सोनूबाई आणि साळूबाई या दोघी जावा. सोनूबाई थोरली, साळूबाई धाकटी, म्हणजे कडूबाची बायको. साळूबाईंनी माझ्या कानात सांगितलं, "छप्पनच्या दुष्काळात मी चालाया लागल्ते. हे तव्हा जन्मलेबी नव्हते. लग्नात माझ्या बापानं वय चोरलं. घरात कुणाला ठावं न्हाई, त्यांना तर बिलकुल न्हाई. देवाच्या माळेला हात लावलाय मास्तरांनी, म्हून खरं सांगून राह्यले." छप्पनचा दुष्काळ म्हणजे तेव्हा तीस-एकतीस वर्षांपूर्वीचा. नवऱ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी! त्या काळात बाईला यापेक्षा लपवण्यासारखं दुसरं काय असणार. (कडूबा गेल्यावर पुढं साळूबाईंनीच हे नातसुनांना हसत हसत सांगितलं, म्हणून आज लिहिते.)

चार दिवसांनी आमच्याकडं संक्रांतीचं हळदीकुंकू. दोघी जावा शेजारी शेजारी बसल्या होत्या. मी नमस्काराला वाकले. पहिला नमस्कार थोरलीचा, हे शेंबडं पोरही जाणतं. पण माझ्या डोक्यात तात्यांचा कागद. कागदावर साळूबाई तीन वर्षांनी मोठी, म्हणून मी सरळ आधी तिच्या पाया पडले.

सोनूबाई नि कडूबा बरोबरीचे, हे गावाला ठाऊकच होतं. सोनूबाईहून मोठी ती कडूबाहून मोठी, हा हिशेब करायला कुणाला शाळा लागत नाही. पुष्पाबाई म्हणाल्या, "अगं बया! मास्तरांच्या कागदात असंय व्हय?" साळूबाईंच्या हातातलं वाण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या बेचाळीस घरांनी तात्यांना दारं लावून घेतली. एक म्हातारी आतूनच ओरडली, "तुमच्या माळेला गळती लागली मास्तर!" वाडी अजून मोजायची होती, आणि पाच दिवसांत कागद द्यायचे होते. पण तात्यांना वाडीचं तेवढं दुःख नव्हतं. जेवताना घास हातात तसाच धरून म्हणाले, "त्या माउलीनं मला देव समजून सांगितलं. आता घरात तिला काय काय ऐकावं लागंल."

मी रडले. तात्या बराच वेळ देवापुढं बसले, आणि उठले ते हसतच. "द्वारके, आज सोनूबाईकडं हळदीकुंकू हाए न? जा. सगळ्यांच्या पाया पड. पण उलटसुलट."

"म्हंजी?"

"म्हंजी कसंबी. लहान, मोठी, काही बघू नको."

"तात्या, हे खोटं न्हाई का होणार?"

"नमस्कार कधी खोटा होतो का? कुणालाबी कर, पोचतो देवालाच."

मी गेले. आधी पुष्पाबाईंच्या नऊ वर्षांच्या सुनेच्या पाया पडले. ती घाबरून आईचं नाव घेऊन पळाली. मग पाळण्यातल्या पोरीच्या. मग सोनूबाईंच्या, मग पुन्हा पाळण्याच्या. सगळ्यात म्हाताऱ्या झुंबरबाईंचा नंबर शेवटी लागला. त्या म्हणाल्या, "हिला सासरी धाडा ग जल्दी, माहेरच्या हवेनं डोकं फिरलंय."

"कालबी अशीच वाकली व्हती की!" सोनूबाई म्हणाल्या. "अन् आपुन साळूच्या वयाचा हिशेब करत बसलो!"

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यात मोठ्यानं साळूबाई हसल्या, आणि त्यांनी माझ्या हातावर दोन मुठी तिळगूळ ठेवला. पोरगी येडी, मास्तरांचा काय दोष, असं वाडीतही ठरलं. दारं उघडली. मला मात्र गावात येडी द्वारका हे नाव पडलं, आणि ते मी पुष्कळ वर्षं वापरलं.

अंबडला पोचलो. तात्यांनी कारकुनाकडून एकेक पान मोजून घेतलं, समोर बस्ता बांधून घेतला, कपाटाचं कुलूप स्वतः ओढून पाहिलं. मग विचारलं, "चावी कुणाकडं असती?"

कारकून वैतागला. "घेऊन जाता का घरी?"

"देत असाल तर नेतो."

तिथून मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर गेलो. दर्शन झालं. पायरीवर बसून तात्यांनी रिकामी पिशवी झटकली, नीट घडी केली, पण चेहऱ्यावरचा ताण काही उतरेना.

"आता काय राह्यलं, तात्या? कागद तर दिले."

"कागद दिले ग. पण हे?" त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "हे तहसिलीत कुणी जमा करून घेईना. साडेआठशे माणसं इथं तशीच बसून हाएत. मी म्हातारा होईन, ताप चढंल, बरळायला लागंन. मंग साळूबाईचं वय अन् बाकीच्यांचं सगळं आपोआप बाहेर येईल. तव्हा तुला निरोप आला, की सासरहून निघून ये. माझ्या उशाशी बस अन् मोठ्यानं भजन म्हण. मी काय बोलून राह्यलो ते कुणाला ऐकू येता कामा नये."

"माझा आवाज भसाडा हाए, तात्या."

"भसाडाच पाहिजे. येशील न?"