खव्याच्या भट्टीवरची धूसर गाणी

आठवीत शाळा सोडली आणि काम शोधत भंडाऱ्याहून इकडं धाराशिव जिल्ह्यात, भूमजवळच्या खव्याच्या भट्टीवर आलो. कढईपाशी बसून दूध हलवायचं, एवढंच काम. पण जिवाला सतत घोर. दूध बुडाला लागलं तर? हे काम गेलं तर इतक्या लांब कुणाच्या दारात उभं राहू?

मालकांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांची मुलगी पुण्यात शिकायची. सुट्टीत आल्यावर तिनं माझी घालमेल पाहिली आणि फोनमध्ये एक जुना इंग्रजी अल्बम टाकून दिला. याला ड्रीम पॉप म्हणतात, म्हणाली. याच अल्बमवरनं पुढं कितीतरी जण असं गायला शिकले. गिटारी धुक्यासारख्या पसरलेल्या आणि त्यात लांब कुठंतरी एका बाईचा आवाज.

"ताई, मला इंग्रजी येत नाही."

"मला येतं, तरी शब्द कळत नाहीत. ऐका नुसतं."

शाळेत कुणी अर्थ विचारला की माझी वाचा बसायची. इथं विचारणारं कुणीच नव्हतं. छातीतली धडधड पहिल्याच गाण्यात उतरली.

मग मी इअरफोन घालूनच कढईवर बसलो, आणि तिथंच चुकलो. खवा कानानं ओळखतात. दूध आटत आलं की खळखळ थांबून जड पुटपुट सुरू होते. तेव्हा भट्टीतली लाकडं बाहेर घेऊन जाळ ओढायचा. मला ती ऐकूच आली नाही. अख्खी कढई करपली.

अण्णा ओरडले नाहीत. मला उठवलं आणि कॅन धुवायला बसवलं. मी मनातल्या मनात पिशवी भरली.

चौथ्या दिवशी ताईंनी भिंतीच्या खिळ्याला छोटा स्पीकर अडकवला.

"आता भट्टीवर डीजे लावता का?" अण्णा म्हणाले.

गाणं सुरू झालं. शेजारच्या कढईवरची मावशी हसली, "अगं बया, ही झोपंत गाती का काय? काय रं नागपूर, तुमच्याकडं असंच गात्यात व्हय?" भंडारा सांगूनही ती मला नागपूरच म्हणायची.

अण्णा मात्र मान तिरकी करून ऐकत राहिले. "ह्या गाण्यातनं दूध ऐकू येतंय की. बस कढईवर."

ते मागंच उभे. उकळी आणि गिटारी एकमेकींत मिसळलेल्या. मग खालून पुटपुट आली. मी जाळ ओढला. अण्णांनी चिमूटभर खवा बोटांत वळून पाहिला.

"पुढचं दूध घाल," म्हणाले.

ताईंचे उपकार फिटायचे नाहीत. आता भट्टीवर नवा माणूस आला की मी आधी तो अल्बम लावतो. गाण्याखालचं दूध त्याला ऐकू आलं, की मगच उलथनं हातात देतो.