अर्धं जावळ

माझा राग नाकावर असतो. आई म्हणते, नाकापर्यंत जायलाही त्याला धीर नसतो, तो जिभेच्या टोकावरच बसलेला असतो. त्या शुक्रवारी मात्र तो पायात उतरला होता. बहरीनमध्ये, उम्म अल हस्सममधल्या एका इमारतीत, बहिणीच्या समोरच्या फ्लॅटच्या दारावर मी लाथा घालत होतो आणि आत माझी भाची होती. अजून वर्षाचीही नव्हती.

आधी काय झालं ते सांगतो. त्या दिवशी भाचीचं जावळ काढायचं होतं. वर्षाच्या आत, विषम महिन्यात आणि मामाच्याच मांडीवर, हे आईने साताऱ्याहून फोनवर इतक्या वेळा बजावलं होतं की मांडीलासुद्धा पाठ झालं असेल. मी रिफाला राहतो. सकाळी गाडी काढली, वाटेत नवा रुमाल आणि पेढे घेतले आणि पोचलो. बहिणीच्या गल्लीत सलून चालवणारा महाडचा माणूस आधीच येऊन बसला होता. "आमच्यात सातव्या दिशीच काडतात," तो चहा फुंकत म्हणाला. "तुम्ही पोरीला लय मोठी होऊ दिलीत, भाऊ. आता ही आपल्याशी भांडणार."

समोरच्या फ्लॅटमध्ये एक फ्रेंच बाई राहतात. ऐंशी ओलांडलेल्या, पाठ ताठ, पांढरे केस नीट बसवलेले. मुलगा मुहर्रकला विमानतळावर विमानांच्या दुरुस्तीच्या कामात आहे, त्याच्याकडे त्या असतात. आम्ही सगळे त्यांना मादाम म्हणतो. बहीण बँकेत असते. दुपारी कामवाली जाते आणि बहीण घरी पोचते, यांच्यात जो वेळ उरतो तेवढा वेळ मादाम भाचीला सांभाळतात. कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच एक दिवस दार वाजवून हात पुढे केले होते. त्यांचं इंग्रजी अडखळतं, भाचीला तर कुठलीच भाषा येत नाही, त्यामुळे दोघींचं छान जमतं.

अशा बाईला बोलवायचं नाही तर कोणाला? बहिणीने सांगितलं, "बेबीचा फर्स्ट हेअरकट आहे, नक्की या." बस्स, एवढंच. जावळ म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागतं, हेच आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. वर आम्ही त्यांना मान म्हणून अगदी पुढे, पाटासमोरच्या खुर्चीत बसवलं.

मी पाटावर मांडी घातली. मांडीवर भाची, नव्या झबल्यात. आई व्हिडिओ कॉलवर होती, तो फोन कपाटाला टेकवून ठेवलेला. दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, दुसऱ्या फोनवर शूटिंग करत होते. शेजारपाजारचे, बँकेतले, त्यांची पोरं, खोली गच्च भरली होती. महाडकराने बिस्मिल्ला म्हणून डोकं ओलं केलं आणि कपाळापासून मागे वस्तरा ओढला. काळ्याभोर केसांची पहिली पट्टी रुमालात पडली आणि पोरीने भोकाड पसरलं.

आम्ही हसलो. जावळाला पोर रडतं आणि माणसं हसतात, ही रीतच आहे. कोणी खुळखुळा वाजवला, कोणी टाळ्या पिटल्या, पोरांनी "टकलू, टकलू" सुरू केलं. ती मान झटकायला लागली तसं मी दोन्ही हातांनी तिचं डोकं घट्ट धरलं. हलली असती तर लागलं असतं. सगळ्यात मोठ्याने मीच हसत होतो.

मादाम उठल्या. आम्हाला वाटलं, जवळून बघायचं असेल. त्या दोन पावलं पुढे आल्या आणि वस्तरा आणि डोकं यांच्यामध्ये त्यांनी आपला उघडा तळहात घातला. दुसऱ्या हाताने पोरीला माझ्या मांडीवरून उचललं. काय होतंय हे कळायच्या आत त्या दाराबाहेर होत्या आणि समोरच्या फ्लॅटची आतली कडी लागल्याचा आवाज आला.

पाटापासून जिन्याच्या दारापर्यंत फरशीवर रक्ताचे थेंब होते.

"कोणाचं आहे?" बहीण किंचाळली. महाडकर वस्तऱ्याकडे बघत उभा होता. "मी मागं घेतला ओ ताई, लगेच मागं घेतला. कोनाला लागलं ते मला नाय कळलं."

मग मी दाराकडे धावलो. दार जाड होतं. वॉचमन वर आला आणि मी चावी मागितल्यावर दोन्ही हात नकारार्थी हलवून म्हणाला, "मफी चावी, साहब, मफी चावी." आत पोरगी रडत होती. मी खांदा घातला, लाथा घातल्या, मराठीतून ओरडलो. म्हातारीला वेड लागलंय, असं मी ओरडल्याचं मला आठवतं. मग खिशातून फोन काढला, पोलिसांना लावायला.

दाजींनी मनगट धरलं. हा माणूस इतका गरीब आहे की सोसायटीच्या मीटिंगमध्येही स्वतःची खुर्ची दुसऱ्याला देतो. "दादा, थांब. पोलीस आले की खलास. मादाम मुलाच्या व्हिसावर आहेत. आईला पाठवतील, त्याची नोकरी जाईल. इथे एकदा केस झाली की झाली."

"जाऊ दे ना! पोरगी आत आहे!"

"पोरगी माझी आहे," दाजी म्हणाले. आवाज चढला नाही, पण बोटं माझ्या मनगटात रुतली. "त्याला फोन केलाय. मुहर्रकहून निघालाय तो. तो येईपर्यंत थांबायचं. त्याच्यानेही दार उघडलं नाही, तर मीच पोलिसांना लावतो."

आम्ही थांबलो. पाहुणे एकेक करून मागे सरले. बहीण दाराला कान लावून खाली बसली होती. तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. थोड्या वेळाने आतलं रडणं थांबलं. रडत होती तोवर निदान ती आहे, एवढं कळत होतं. आता काहीच ऐकू येईना. बहिणीने ओठ दाताखाली दाबून धरले होते. रक्त कोणाचं, हा एकच प्रश्न त्या पॅसेजमध्ये होता.

लिफ्ट उघडली आणि मादामचा मुलगा आला, कामाच्या कपड्यांतच. त्याने फरशी पाहिली, पाट पाहिला, वस्तरा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. दाराला कपाळ टेकवून तो फ्रेंचमध्ये हळू बोलला. आतून उत्तर आलं. तो पुन्हा बोलला. मग आमच्याकडे वळला.

"बाळाला काही झालेलं नाही. रक्त माझ्या आईच्या हाताचं आहे." बहिणीने डोळे मिटले. "पण ती दार उघडत नाही. ती विचारतेय, तो हसणारा माणूस गेला का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे काय?" मी म्हणालो. "कोण हसणारा?"

मग तो तिथेच भिंतीला टेकून इंग्रजीत बोलला, घाईघाईने, जणू नाइलाजाने.

त्याची आजी कपडे धुवायची. जर्मन फौजेने फ्रान्स व्यापला तेव्हा गावातल्या त्यांच्या छावणीचे कपडे तिच्याकडे यायचे. त्यातल्याच एका शिपायापासून तिला मुलगी झाली, ती ही मादाम. "प्रेम होतं की भूक होती, आजीने कधी सांगितलं नाही," तो म्हणाला. "आमच्या सरकारनेच जर्मनांशी हातमिळवणी केली होती. मेयर त्यांच्या पंगतीला जेवायचा, व्यापारी त्यांना वाईन विकायचे, कोणी शेजाऱ्यांची नावं गुपचूप कळवायचे. मग जर्मन हरले, निघून गेले आणि एका दिवसात सगळं गाव देशभक्त झालं."

"आणि ते मेयर, ते व्यापारी?" दाजींनी विचारलं.

"काहींना गोळ्या घातल्या, काही तुरुंगात गेले. पुष्कळसे तसेच राहिले. पण गावाला त्याच दिवशी शिक्षेसाठी कोणीतरी हवं होतं. आजीला चौकात खुर्चीवर बसवलं. आई तिच्या मांडीवर होती, तान्ही. ज्या न्हाव्याने इतकी वर्षं जर्मन अधिकाऱ्यांच्या दाढ्या केल्या, त्यानेच आजीचं डोकं भादरलं. कोणीतरी फोटो काढला."

"तुझ्या आईला ते आठवणार नाही," मी म्हणालो. माझा आवाज अजून चढलेलाच होता.

"नाही आठवत. शाळेत एका मुलीने तिला तो फोटो दाखवला. त्यात आजी रडत नाहीये. बाळ रडतंय. आणि बाकीचे सगळे हसताहेत. पाववाला, शिक्षिका, शेजारीण. आई त्या पाववाल्याकडून पाव आणतच मोठी झाली."

मी जिन्यात जाऊन बसलो. कोणी जा म्हटलं नाही, पण मी तिथे असेपर्यंत दार उघडणार नव्हतं, हे लहान पोरालाही कळलं असतं. गडबडीत दाजींनी धरायला दिलेला त्यांचा शूटिंगचा फोन माझ्याच हातात राहिला होता. मनातून मी अजून भांडत होतो. आमचं जावळ आणि तुमचा सूड एकच झाला का? आम्ही मायेने हसतो, पोराची दृष्ट काढतो, आणि तुम्ही आम्हाला त्या गावाच्या रांगेत बसवता? या रागातच मी शूटिंग लावलं.

त्यात बाळ रडत होतं. एक मोठा बाप्या दोन्ही पंजांनी त्याचं डोकं दाबून धरून, तोंड वासून हसत होता. मागे दाटीने उभी असलेली माणसं टाळ्या पिटत होती. तो बाप्या बाळाचा मामा आहे, हे त्या चित्रात कुठेच दिसत नव्हतं. मी ते पुन्हा लावलं नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आई होती. कपाटाला टेकवलेल्या फोनवरून तिने सगळं पाहिलं होतं. पोरगी धड आहे, आत काय झालं, का झालं आणि मी जिन्यात का बसलोय, ते मी तिला सांगितलं.

"ओरडू नकोस हं तिच्यावर," ती म्हणाली. "माझ्या आईची एक आत्या होती. नवरा गेला तेव्हा पोरच होती. तिचे केस उतरवायला न्हाव्याला मागच्या दाराने आणला होता. माझी आई आणि तिच्या बहिणी खिडकीतनं बघत होत्या आणि हसत होत्या. टकली आत्या, टकली आत्या म्हणून. लहान होत्या रे. पण आई जाईपर्यंत ते हसू तिच्या घशात अडकलेलं होतं. मला दहादा सांगायची, आणि तुला सांगू नको म्हणायची."

"मग आता का सांगतेस?"

"तू जिन्यात बसला आहेस म्हणून." मग लगेच तिचा नेहमीचा आवाज आला. "आणि ऐक, अर्धं ठेवू नका. अर्धं जावळ ठेवत नाहीत."

वरती कडी काढल्याचा आवाज आला. मी तसाच बसून राहिलो. बहिणीने हाक मारली, "दादा, ये." तेव्हा वर गेलो.

भाची मादामच्या सोफ्यावर बसून बिस्किट चघळत होती. डोक्याला मादामचा फुलाफुलांचा स्कार्फ बांधलेला, कानामागे नीट खोचलेला. अंगावर साधा ओरखडाही नव्हता. मी सगळ्यांदेखत रडलो. मला त्याची लाज वाटली नाही. मादामच्या तळहाताला कापड गुंडाळलेलं होतं, त्यातून लाल उतरलं होतं, आणि बहीण जमिनीवर बसून ते सोडवून नीट पट्टी बांधत होती. दाजींनी माझ्या हातातून त्यांचा फोन घेतला, खिशात टाकला आणि म्हणाले, "खलास. पोलीस नाहीत."

पट्टी बांधता बांधता बहीण त्यांना सांगत होती. हे आईच्या पोटातले केस असतात. ते काढले की नवे दाट येतात. माझे काढले होते, दादाचे काढले होते, यांचेही. मुलगा असो की मुलगी.

"सगळ्यांचे?" मादामनी विचारलं.

"सगळ्यांचे."

"आणि सगळे हसतात?"

बहिणीने पट्टीची गाठ मारली. "आज कोणी हसणार नाही," ती शेवटी म्हणाली. "पण अर्धं राहिलंय. ते पुरं करावं लागतं."

मादामनी डोळे पुसले. मुलाशी दोन शब्द बोलल्या. मग म्हणाल्या, इथे करा, माझ्या घरात. दार बंद. फोन नको. आणि बाळ आईच्या मांडीवर.

"नाही," बहीण म्हणाली. माझी बहीण, जिने दोन तास माझ्याकडे बघितलं नव्हतं. "दादाच्याच मांडीवर. मामाच लागतो."

मादाम माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घातली. मग त्यांनी सोफ्यावरची उशी उचलून मला जागा करून दिली आणि स्वतः खुर्ची ओढून समोर बसल्या. इतक्या जवळ की आमचे गुडघे लागत होते. पट्टीच्या हाताने त्यांनी भाचीचे दोन्ही पाय धरले. महाडकराने वस्तऱ्याचं पातं बदललं. स्कार्फ सोडला. या वेळी मी डोकं दाबलं नाही, नुसता हात हनुवटीखाली ठेवला, आणि पोरगी रडली नाही. खोलीत केस खरवडल्याचा तेवढा आवाज येत होता.

झालं. भाचीने दोन्ही हात डोक्यावरून फिरवले. तिला ते नवीन होतं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि चार दात दाखवत खदखदून हसली. मी हसलो की ती आणखी हसते, हा आमचा रोजचा खेळ आहे. ती वाट बघत होती.

मादाम तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.