दोघांत एक नोकरी
कॉम्प्युटरचा डबा उघडून आतली धूळ उडवली, की तिच्या करपट वासानं मला औरंगपुऱ्यातली आमची भाड्याची खोली आठवते. दुष्काळाचं साल होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. एका ऑफिसला व्हिडिओ एडिटिंग आणि कॉम्प्युटर दुरुस्ती, दोन्ही येणारा एकच माणूस हवा होता. मला एडिटिंग यायचं, खोलीतल्या मित्राला दुरुस्ती. महिनाभर आम्ही एकमेकांना शिकवलं. दोघांनीही मुलाखत द्यायची, ज्याचं नशीब त्याची नोकरी, असं ठरलं. मुलाखतीच्या सकाळी खुलताबादकडच्या गावाहून त्याच्या वडिलांचा फोन आला. मेंढरांना चारा उरला नव्हता, कळप घेऊन लांब जायचं होतं. पिशवी भरता भरता तो म्हणाला, "तू जा. माझा इस्त्रीचा शर्ट घाल, तुझा लई चुरगळलाय." मुलाखतीत माझ्यापुढं बंद पडलेला कॉम्प्युटर ठेवला. त्यानं शिकवल्याप्रमाणं मी रॅमची पट्टी काढून पुसली, परत बसवली आणि पडदा उजळला. साहेबांनी विचारलं, "कुठं शिकलात हे?" मी म्हणालो, "माझं मीच." नोकरी लागली. मित्र शहरात परतला नाही. त्या दिवशी त्याचं नाव घेतलं असतं, तरी नोकरी मलाच मिळाली असती, हे आता कळतं.