मोहाखालचा अर्धा तास

आमच्या आणि कामिनीच्या घरात एकच भिंत आहे. तिच्या घरी काय शिजते, कोण कोणावर चिडले आहे, हे मला त्या भिंतीतून कळते. मुद्दाम कान लावावा लागत नाही. कितीतरी वर्षे माझी सकाळ तिच्या भांड्यांनी होत आली. आधी पाण्याचा गंज आदळायचा, मग चहाचे भांडे, मग तिचा आवाज. नवरा हेमराज, दोन पोरं, सासू रुखमिणीबाई आणि गोठ्यातली म्हैस, प्रत्येकाच्या नावाने वेगळी ओरड.

यंदा पोळा झाला आणि तो आवाज बंद पडला.

पहिल्या दिवशी वाटले, माहेरी अड्याळला गेली असेल. दुसऱ्या दिवशी पाहिले तर अंगणात सडा पडलेला, म्हशीचे शेण काढलेले, आणि कामिनी पायरीवर पोरीची वेणी घालत बसलेली. ओरड नाही, आदळआपट नाही. मला पाहून हसली सुद्धा. बारा महिने चिडलेली बाई अशी एकाएकी हसायला लागली की मी लक्ष ठेवायला लागते. माणूस उगाच शांत होत नाही, असे माझे मत आहे.

तशी ती मूळची हसरीच. अड्याळच्या बाजारात तिच्या वडिलांचे बांगड्यांचे दुकान होते. लग्नाआधी ती तिथे बसायची आणि गिऱ्हाइकाला बोलण्यातच गुंडाळायची, असे तिच्याच आईने मला सांगितले होते. करडी गावाच्या पुढे आमचे गाव. इथे आली आणि धानाच्या रोवण्यात, सासूच्या गरम पाण्यात आणि पोरांच्या डब्यात तिचे हसणे कुठे गेले ते तिलाही कळले नसेल. आता ते परत कुठून आले, हा प्रश्न होता.

थोडे मला आठवले. बचत गटाच्या मीटिंगला मोहाडीवरून एक मॅडम आल्या होत्या. बायांनी सकाळचा अर्धा तास स्वतःसाठी ठेवावा, मोबाईल घेऊ नये, कामाचा विचार करू नये, नुसते बसावे, मग दिवसभराची कामे चांगली होतात, असे त्या म्हणाल्या. आम्ही पदरात तोंड घालून हसलो. मॅडमकडे म्हैस नसेल, असे मी बाजूला बसलेल्या बाईला म्हटले. कामिनी मात्र हसली नव्हती.

मग मी मागच्या दाराशी उभी राहू लागले. फटफटायच्या आधीच तिच्या दाराची कडी वाजायची. हातात स्टीलचा पेला घेऊन ती तलावाकडे जायची. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाचे मोठे झाड आहे, त्याच्या मुळावर बसायची. उजाडले की उठायची, घरी यायची आणि कामाला लागायची. कामे पूर्वीपेक्षा लवकर आटपत होती, हे खरे आहे.

घरात आधी शंका आली ती रुखमिणीबाईला. "कोन्या बाबाच्या नादी लागली वाट्टे," तिने मला भिंतीपाशी बोलावून सांगितले. "मले आजकाल उलटून बोलत नाही ना, बाई." हेमराजने बायकोचा मोबाईल तपासला. त्यात काही निघाले नाही. वर ती मोबाईल घरीच ठेवून जाते हे कळल्यावर तो आणखी घाबरला. एके दिवशी तो तिच्या मागे गेला, बेशरमच्या झुडपात लपून बसला, आणि तोंड पाडून परत आला.

"काय पाह्यलं?" मी विचारले.

"काहीच नाही, काकू. नुसती बसून राहते."

"अन् मंग?"

"मंग उठते."

बिचाऱ्याला रात्रभर झोप आली नसणार. काही सापडले असते तर भांडता तरी आले असते.

इथपर्यंत गोष्ट घरातली होती. पण यंदा परतीचा पाऊस आला नाही. भारी, म्हणजे उशिरा येणारे, धान गर्भात होते, आणि त्याला शेवटचे पाणी मिळाले नाही तर लोंबी पोचट राहते. तलावात होते तेवढे पाणी गावाच्या पाणी कमिटीने नंबर लावून द्यायचे ठरवले. पाळीत पाणी सोडायचे दार असते, त्याला आम्ही तुडूम म्हणतो. ते उघडायचे-लावायचे काम जागेश्वरचे. आणि जागेश्वर सांगू लागला की तुडूम पक्के लावूनही रोज सकाळी तलाव थोडा उतरलेला दिसतो. तुडुमाखालची पहिली बांधी, म्हणजे धानाचे खाचर, हेमराजची. तिचा नंबर अजून आला नव्हता, तरी तिच्यात घोट्याएवढे पाणी उभे होते.

आता पहाटे अंधारात तुडुमापाशी कोण असते, हे गावाला कुणी सांगायची गरज नव्हती. मलाही नव्हती. त्या शांतपणाचा अर्थ आता लागला, असे मला वाटले.

ग्रामपंचायतीच्या ओसरीवर कमिटी बसली. अध्यक्ष मधुकरराव. कामिनीला बोलावले.

"तू रोज पाहाटे पाळीवर कायले जाते?" त्यांनी विचारले.

"बसाले."

"बसून काय करते?"

"काही नाही, भाऊजी."

ओसरीवर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मालकीण पाळीवर काही न करता बसते आणि पाणी आपणहून तिच्या बांधीत जाते, हे कुणाच्या गळी उतरणार? मधुकररावांनी निकाल दिला की चोरी उघडकीस येईपर्यंत हेमराजचा नंबर बंद. बांधीतले ते घोटाभर पाणी किती दिवस पुरणार? त्याच्या पुढच्या सगळ्या बांध्या कोरड्या होत्या. वर्षाचे धान हातचे जायची वेळ आली.

त्या संध्याकाळी मी स्वतः तिच्याकडे गेले. म्हटले, "खोटं बोल न, बाई. सांग का मोहाले दिवा लावते म्हणून. देवाचं म्हटलं का कोनी बोलत नाही."

"लावत नाही तं काहून सांगू?" ती म्हणाली.

हेमराज खाटेवर बसला होता. मान खाली घालूनच तो म्हणाला, "उद्यापासून पाळीवर जाऊ नको."

कामिनी भाकर थापत होती. तिने हात थांबवला नाही. "धान तुमचं आहे, तसं माझंही आहे," ती म्हणाली. "ते वाळलं तं मीही रडन. पण ह्या घरात सगळं सगळ्यांचं आहे. तेवढं बसनं एकटीचं आहे माझं. ते मी नाही सोडत."

दुसऱ्या दिवशी कडी वाजली. मला तिचा राग आला. घरादाराचे धान पणाला लावून बसायचे, म्हणजे चोरी तरी खरी असेल किंवा डोके तरी ठिकाणावर नसेल.

पुढे दोन-तीन दिवसांनी तुडुमाजवळचा गाळ काढायला जागेश्वर पाण्यात उतरला आणि त्याचा पाय मांडीपर्यंत पाळीच्या आत गेला. खेकड्यांनी बीळ पाडले होते. त्याचे दुसरे तोंड गवताखाली, थेट हेमराजच्या बांधीत निघत होते. अर्धे गाव पाहायला जमले. बीळ चिखलाने आणि पोत्यांनी बुजवले, आणि हेमराजचा नंबर परत मिळाला.

मधुकरराव माणूस वाईट नाही. झाले गेले भरून काढावे म्हणून त्यांनी पुन्हा कमिटी बोलावली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "कामिनी, तू रोज तिथं असतेच. मंग पाहाटेची देखरेख तुझ्याकडेच देतो. पाणी उतरलं का, कोनी तुडुमाले हात लावला का, तेवढं पाहाचं अन् सांगाचं. कमिटी मानधन देईन. तेवढाच तुझा वेळ कामी लागन."

सगळ्यांना ते पटले. हेमराजची मान खूप दिवसांनी वर आली. रुखमिणीबाई तर, माझी सून आता कमिटीत आहे, असे सांगायची तयारी करूनच बसली होती.

"नाही जमणार, भाऊजी," कामिनी म्हणाली.

"काहून?"

"मंग ते काम होईन ना. कामं मले घरी पुष्कळ आहेत."

एवढे बोलून ती उठली आणि गेली. मग मागून एक जण म्हणाला, नुसते पाहायला काय जाते? पाहायला नको म्हणते म्हणजे काहीतरी आहेच. आणि मान हलवणाऱ्यांत मी पहिली होते. खेकड्यांनी तिला सोडवले होते, तिने स्वतःला पुन्हा अडकवून घेतले.

देखरेखीचे काम मग माझ्याकडे आले. तुडुमावर आणि कामिनीवर, दोन्हीवर नजर ठेवायची. मधुकरराव म्हणाले, सुलोचनाबाईच्या नजरेतून काही सुटत नाही. ते खरेच आहे.

पहिल्या सकाळी मी गेले तेव्हा ती मुळावर बसली होती.

"कमिटीनं पाठवलं काय, काकू?"

"हो."

"बसा ना. फक्त बोलू नका."

मी बसले. तिचे हात पाहिले, पदर पाहिला, कंबरेला काही खोचले आहे का तेही पाहिले. ती तोंड धुवायला खाली उतरली तेव्हा तिच्या पेल्याचा वास घेतला. कोरा चहा होता. दुसऱ्या दिवशी झाडाच्या ढोलीत हात घालून पाहिला. तिसऱ्या दिवशी पाहायला काही उरले नाही, म्हणून मी तलावाकडे पाहिले. पाण्यावर धुके होते. पलीकडे मासे धरणाऱ्या एका ढिवराचा डोंगा आवाज न करता चालला होता.

मग असेच दिवस गेले. एकदा भानावर आले तर ऊन माझ्या पायावर होते, आणि कामिनी केव्हाच घरी गेली होती. ती उठलेली मला कळलीच नाही. तुडुमाकडे तर मी एकदाही पाहिले नव्हते. बरे वाटले, हे सांगून टाकते. इतके बरे मला माझ्या घरात, चारचौघांत, कधी वाटल्याचे आठवत नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी सुनेला चहावरून एक शब्द बोलले नाही. ती दिवसभर माझ्याकडे चोरून पाहत होती.

धान कापणीला आले तेव्हा मधुकररावांनी मला ओसरीवर बोलावले. देखरेख आता संपली, म्हणाले, पाण्याचे काम राहिले नाही.

"कामिनी काय करते, समजलं काय?"

"काही करत नाही. बसते."

"बरं. मंग उद्यापासून तुम्ही जाऊ नका."

"जाईन मी," मी म्हटले.

"आता कायले?"

"बसाले."

मधुकररावांनी जागेश्वरकडे पाहिले. जागेश्वरने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी चांगली ओळखते. दुसऱ्या दिवसापासून जागेश्वर त्याचे बैल पाण्यावर आणतो ते मोहाच्या बाजूनेच, आणि तेही पहाटे.